पऱ्हाटीचा भाव आणि सरपणाचा हक्क

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२१ रोजी एक धोरण जाहीर केले आणि कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांना कोळशासोबत पाच टक्के शेतातील काडीकचरा जाळणे बंधनकारक ठरविले. वीजकेंद्रांची तयारी नव्हती, मालही मिळत नव्हता. तेव्हा २०२३ साली मुदत पुढे ढकलून २०२४-२५ पासून पाच टक्के आणि २०२५-२६ पासून सात टक्के असे नवे वेळापत्रक देण्यात आले. काडीकचरा जसाच्या तसा भट्टीत टाकता येत नाही. तो वाळवून, दळून, यंत्रात दाबून त्याच्या बोटाएवढ्या कांड्या कराव्या लागतात. त्यांना बाजारात पेलेट म्हणतात. त्याहून जाड, मनगटाएवढे ठोकळे निघाले की त्यांना ब्रिकेट किंवा पांढरा कोळसा हे नाव मिळते. पंजाब-हरियाणात भाताचे काड शेतातच पेटविले जाते आणि त्याचा धूर दिल्लीकरांच्या नाकात जातो, हे या धोरणामागील तातडीचे निमित्त. दिल्लीच्या नाकाला झोंबल्याखेरीज खेड्यातील काडीकचऱ्याकडे राजधानीचे लक्ष जात नाही, हेही त्यातून दिसून आले.

या धोरणाचे वृत्तपत्रांतून स्वागत झाले. प्रदूषण कमी होईल, कोळसा वाचेल, शेतकऱ्याला टाकाऊ मालाचे चार पैसे मिळतील, खेड्यात उद्योग येईल, असे सांगितले गेले. यातील एकही विधान सर्वस्वी खोटे नाही. मात्र या सर्व चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ती अशी की, शेतात उरलेली काडी, बांधावरचे गवत, माळावरचा पेंढा हा कोणाचाच नसलेला माल आहे. तो आजवर वाया जात होता आणि आता कोणीतरी तो उपयोगात आणणार आहे. या गृहीतकाची तपासणी करण्याचे काम समाजवादी कार्यकर्त्यांनी केले नाही, तर ते दुसरे कोणी करील अशी आशा बाळगण्यास जागा नाही.

प्रथम यंत्राचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. कारण अशा प्रश्नांत राजकारण यंत्राच्या पोटातच दडलेले असते. सुट्या काडाचे एका घनमीटरमध्ये पन्नास ते शंभर किलोच वजन भरते. म्हणजे काडाने गच्च भरलेला ट्रक खरे पाहता हवाच वाहून नेत असतो. त्याच काडाच्या कांड्या केल्या की घनमीटरमध्ये सहा-सातशे किलो माल मावतो. त्यासाठी कच्चा माल दहा-पंधरा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावा लागतो, हॅमर मिलमध्ये त्याचा भुसा करावा लागतो आणि पोलादी साच्याच्या छिद्रांतून तो रोलरने दाबून बाहेर काढावा लागतो. दाबामुळे शंभर अंशांच्या आसपास उष्णता निर्माण होते. वनस्पतीच्या अंगी असलेले लिग्निन नावाचे द्रव्य त्या उष्णतेने मऊ होते आणि थंड होताच सारे घट्ट चिकटून राहते. वेगळा डिंक अथवा खळ घालावी लागत नाही. टनामागे पन्नास ते दीडशे युनिट वीज खर्ची पडते. तयार मालाची उष्णता किलोला साडेतीन ते चार हजार कॅलरींच्या घरात, म्हणजे आपल्याकडील सामान्य कोळशाच्या तोडीची असते.

सर्व काडी सारखी नसते. लाकडाच्या भुशाची राख शंभरात एखादा भाग असते, तर भाताच्या काडाची पंधरा ते वीस भाग. गवतांत आणि भाताच्या काडात सिलिका असते. ती साचा झिजवते. पोटॅशियम आणि क्लोरीन भट्टीत वितळून नळ्यांवर थर धरतात. म्हणूनच कारखानदारांचा डोळा प्रथम कपाशीच्या झाडाकडे, म्हणजे पऱ्हाटीकडे जातो. पऱ्हाटी लाकडासारखी जळते आणि तिची राख थोडी. केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेने पऱ्हाटीपासून कांड्या, ठोकळे आणि दाबफळ्या करण्यावर पुष्कळ काम केले आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या दृष्टीने हा दूरचा विषय राहिलेला नाही, तो अंगणातला आहे.

आता अंगणातला हिशेब पाहावा. एक युनिट विजेला साधारण दोन-तृतीयांश किलो कोळसा लागतो. ५०० मेगावॉटचा एक संच पूर्ण भाराने चोवीस तास चालला तर १ कोटी २० लाख युनिट वीज निघते आणि सुमारे ८,००० टन कोळसा जळतो. त्याचे पाच टक्के म्हणजे ४०० टन कांड्या, रोजच्या रोज. कोरडवाहू कपाशीची वाळलेली पऱ्हाटी एकरी टनभर धरली तर एका संचाला दररोज ४०० एकरांची पऱ्हाटी लागेल. वर्षाकाठी लाख-सव्वा लाख एकरांची. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात असे ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत, लहान संच वेगळेच. एवढ्या भुकेचे गिऱ्हाईक बाजारात उभे राहिले म्हणजे काय होते, हे समजण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. ज्या वस्तूला काल भाव नव्हता तिला भाव येतो. आणि ज्या वस्तूला भाव नसल्यामुळेच ती ज्यांच्या पदरात पडत होती, त्यांच्या पदरातून ती निसटते.

ती कोणाच्या पदरात पडत होती? विदर्भातील कोणत्याही गावी माघ-फाल्गुनात फिरले असता भूमिहीनांच्या वस्तीत घरोघरी भिंतीला टेकून रचलेले पऱ्हाटीचे ढीग दिसतात. शेवटची वेचणी झाली की शेत मोकळे करावयाचे असते. मजूर कुटुंब पऱ्हाटी उपटून देते आणि तीच मोळी बांधून घरी नेते. मजुरीचे पैसे कोठे थोडे मिळतात, कोठे मिळतच नाहीत. जळण हीच मजुरी. तुऱ्हाट्यांचेही तसेच. ही देवाणघेवाण न्यायाची होती असे कोणी म्हणणार नाही, पण तिच्यात भूमिहीन बाईचा एक अलिखित हक्क होता आणि तिची चूल त्यावर सहा-आठ महिने पेटत होती. ऊसतोड कामगारांचे वाढे हाही याच जातीचा हक्क आहे. वाढे विकून किंवा बैलांना घालून तोडणीवाला हंगामाची तोंडमिळवणी करतो. कोणत्याही करारपत्रात या हक्कांना स्थान नाही आणि म्हणूनच ते एका रात्रीत नाहीसे होऊ शकतात.

येथे एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्यासारखा आहे. कपाशी पिकविणारा कोरडवाहू शेतकरी हा काही सावकार नव्हे. तो स्वतःच कर्जाने वाकलेला आहे. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस खाल्ला, तेव्हापासून कृषी खाते दरवर्षी बजावते की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर उपटा, बांधावर वा घरापाशी तिचे ढीग ठेवू नका. कारण वाळल्या बोंडांत अळी दडून राहते. शेतकरी बहुधा पऱ्हाटी पेटवून देतो. तिला कोणी टनाला पैसे देत असेल तर त्याने ते नाकारून ती फुकट का वाटावी? वाटू नये. शेतकऱ्याने पऱ्हाटीचे मोल मागणे हे पूर्णतः रास्त आहे. किंबहुना कापसाच्या बाबतीत त्याची फसवणूक पूर्वीपासून अशीच होत आली आहे: त्याने कापूस विकला आणि सरकीच्या तेलातील व ढेपेतील नफा दुसऱ्याने खाल्ला. उसात निदान हा प्रश्न मान्य तरी झाला. रंगराजन समितीने २०१२ साली बगॅस, मळी यांसारख्या उपपदार्थांचे मूल्य धरून उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊसउत्पादकाचा ठरविला आणि महाराष्ट्राने २०१३ साली त्यासाठी कायदा केला. त्याची अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय. परंतु चोथ्यावरही पिकविणाऱ्याचा हक्क असतो हे तत्त्व कागदावर आले. पऱ्हाटीसाठी तसले काहीच नाही. मात्र उसाच्या त्या सूत्रातही तोडणाऱ्याचा वाटा कोणी धरला नव्हता, हे विसरून चालणार नाही. शेतकरी आणि मजूर यांना एकमेकांसमोर उभे करून मधला नफा तिसऱ्याने न्यावा, हा डाव ओळखण्याइतका अनुभव चळवळीच्या गाठीशी आहे.

सरकारी कागदपत्रांत या सर्व मालाला ‘अतिरिक्त’ असा शब्द योजलेला आहे. नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने करविलेल्या पाहणीनुसार देशात वर्षाला सुमारे ७५ कोटी टन शेतअवशेष निघतात आणि त्यांपैकी सुमारे २३ कोटी टन अतिरिक्त आहेत. हा हिशेब करताना जनावरांचा चारा आणि घरगुती सरपण वजा केले जाते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु ती वजाबाकी कागदावर होते. व्यापाऱ्याचा ट्रॅक्टर गावात येतो तेव्हा अमुक ढीग चाऱ्याचा, अमुक सरपणाचा आणि एवढाच अतिरिक्त, अशी खूण कोणत्याही ढिगावर नसते. सोयाबीनचे कुटार तो नेतो. दुष्काळी वर्षात तेच कुटार जनावरांच्या दावणीला हवे असते. ज्याला तातडीने पैशाची गरज आहे तो प्रथम विकतो, आणि तातडीची गरज सर्वांत गरिबाला असते.

घरगुती चुलीचा प्रश्न आता सुटला आहे, अशी समजूत शहरांतून पसरलेली आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत सिलिंडर पोहोचला, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु सिलिंडर पोहोचणे आणि तो पुन्हा पुन्हा भरणे यांत अंतर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भागातील शंभरांपैकी ४३ घरेच स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरीत असल्याचे आढळले. उरलेली ५७ घरे काय जाळत होती? लाकूड, शेण्या, तुऱ्हाट्या, पऱ्हाटी. म्हणजे कांडी करण्याचे यंत्र ज्या मालाकडे वळले आहे तोच माल.

आणि गंमत अशी की, ही कांडी मुळात या चुलीसाठीच महाराष्ट्रात आली होती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या सहकार्याने ब्रिटिश पेट्रोलियम या तेलकंपनीने ‘ऊर्जा’ नावाची शेगडी तयार केली. छोटासा पंखा, त्याला बॅटरी, वरून कांड्या भरावयाच्या, धूर नाममात्र. २००६ पासून महाराष्ट्र, कर्नाटक, तामिळनाडूत ती विकली जाऊ लागली. गरिबांच्या बाजारपेठेत नफा आणि कल्याण हातात हात घालून चालतात, असा सी. के. प्रल्हाद यांचा सिद्धान्त त्या काळी फार गाजत होता आणि ही शेगडी त्याचे आदर्श उदाहरण म्हणून दाखविली जात होती. गावोगाव स्त्रियांनाच विक्रेत्या नेमण्यात आले. चार लाखांच्या आसपास शेगड्या खपल्या. एवढ्या प्रमाणावर खपलेली सुधारित शेगडी देशात विरळाच.

पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कांड्या भुईमुगाची टरफले, बगॅस अशा मालापासून होत. हाच माल साखर कारखान्यांच्या वीजनिर्मितीला, विटभट्ट्यांना, कारखान्यांच्या बॉयलरांना हवा होता. कच्च्या मालाचा भाव चढला, त्याबरोबर कांडीचा भाव चढला. कंपनीने २००९ साली हा व्यवसाय सोडला. ज्या पुण्याच्या कंपनीने तो घेतला तिने हॉटेले, उपाहारगृहे आणि कारखान्यांची भटारखाने हे गिऱ्हाईक धरले, कारण त्यांना वाढलेला भाव परवडत होता. खेड्यातील घरांतून बहुतेक शेगड्या अडगळीत गेल्या. शेगडीत तांत्रिक दोष होते, पंखा बिघडे, बॅटरी दमे. पण तिचा घात यांत्रिक बिघाडाने झाला नाही. शेगडी बाईच्या मालकीची होती आणि इंधनाचा भाव ठरविणारा बाजार मात्र दुसऱ्याच्या मालकीचा होता. यात कोणाचा दुष्टपणा शोधण्याचे कारण नाही. कंपनीने कंपनीसारखे वर्तन केले. ज्यांनी कंपनीकडून चळवळीच्या वर्तनाची अपेक्षा केली त्यांचा भाबडेपणा आश्चर्यकारक म्हणावा लागेल.

गवताचा विषय निघाला म्हणजे समाजवाद्यांनी स्वतःच्या इतिहासातील एक पान उघडून पाहणे जरूर आहे. जुन्या मुंबई राज्याच्या सुरत जिल्ह्यात पारडी तालुका होता. आज तो गुजरातेत वलसाड जिल्ह्यात आहे. तेथील जमीनदारांनी हजारो एकर कसदार जमीन केवळ गवतासाठी राखून ठेवली होती. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागे आणि त्याला चांगला भाव मिळे. जमीनदाराच्या दृष्टीने गवतासारखे पीक नाही: नांगरट नको, बियाणे नको, निंदणी नको, मुख्य म्हणजे कूळ नको. पाऊस पडला की ते आपोआप वाढते. आदिवासी मजुराला मात्र त्या जमिनीवर वर्षातून महिना-दोन महिने, कापणीपुरते काम मिळे आणि उरलेले दहा महिने उपासमार. १ सप्टेंबर १९५३ रोजी ईश्वरभाई देसाई, अशोक मेहता आदींच्या नेतृत्वाखाली प्रजा समाजवादी पक्षाने तेथे सत्याग्रह सुरू केला. आदिवासी गवताच्या रानात शिरले आणि त्यांनी नांगर धरला. मागणी साधी होती: या जमिनीत धान्य पिकवू द्या. अटका झाल्या, खटले झाले, खाजगी कुरणांतील गवत कापण्यावर बहिष्कारही घातला गेला. आणि तब्बल चौदा वर्षांनी, १९६७ साली, तडजोड होऊन हजारो एकर जमीन भूमिहीनांकडे आली.

पारडीच्या दक्षिणेला लागूनच डहाणू-तलासरीचा मुलूख आहे. तेथे १९४५ साली वारल्यांनी ५०० रतल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागून संप केला. ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच जण ठार झाले. हा लढा किसान सभेचा, लाल बावट्याचा होता, समाजवाद्यांचा नव्हे. पण उत्तर कोकणात गवताच्या भाऱ्याला रक्ताचा इतिहास आहे हे कोणत्याही बावट्याखाली तितकेच खरे. एका लढ्यात गवताच्या मजुरीचा प्रश्न होता, दुसऱ्यात गवताच्या जमिनीचा. कांडीच्या यंत्राने हे दोन्ही प्रश्न पुन्हा जिवंत होण्याचा संभव आहे.

तो कसा, ते सांगितले पाहिजे. काडीकचरा हंगामी असतो, विखुरलेला असतो आणि दर वर्षी सारखा निघत नाही. भांडवल गुंतविणाऱ्याला बारमाही, एकसारखा, एका जागी मिळणारा माल हवा असतो. म्हणून आज काडीकचऱ्यावर उभारलेला उद्योग उद्या हत्तीगवताच्या लागवडीकडे वळतो. गवताच्या एकरी उत्पन्नाचे मोठमोठे आकडे सांगणारी पत्रके गावोगाव वाटली जातात. ओलिताखालची जमीन गवताला गेली तर अन्नाचे काय, हा पारडीचा प्रश्न तेथे जसाच्या तसा उभा राहतो. कोरडवाहू भागात डोळा गायरानांवर आणि माळरानांवर जाईल. सरकारी नोंदीत माळ म्हणजे पडीक. त्या पडिकावर धनगरांची मेंढरे चरतात, तणमोर आणि माळढोक त्याच पडिकावर जगतात, आणि मराठवाड्यात भूमिहीन दलितांनी तीच गायराने दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ व १९६४ च्या सत्याग्रहांपासून घाम गाळून वहितीखाली आणलेली आहेत, याची नोंद ‘पडीक’ या एका शब्दाने पुसली जाते. सौर प्रकल्पांसाठी गायराने देण्याचा पायंडा पडलेलाच आहे. हरित ऊर्जेच्या नावाने दुसरा अर्जदार दारी आला तर त्याला नकार देण्याचे कारण सरकारला सापडणार नाही.

परदेशात हा उद्योग कोणत्या थराला पोहोचला आहे, तेही नमूद करण्यासारखे आहे. इंग्लंडात यॉर्कशायरमधील ड्रॅक्स हे कोळशाचे प्रचंड वीजकेंद्र २०१३ पासून लाकडाच्या कांड्यांकडे वळविण्यात आले. या कांड्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून आणि कॅनडातून जहाजाने आणल्या जातात आणि इंग्लंडचा वीजग्राहक त्यासाठी अनुदान भरतो. जंगल एका खंडात तुटते, धूर दुसऱ्या खंडात निघतो आणि हिशेबाच्या वहीत कार्बन शून्य मांडला जातो. इतक्या दूरच्या प्रवासानंतर ‘स्थानिक इंधन’ या शब्दाला काही अर्थ उरतो काय?

तेव्हा कांडीला विरोध करावयाचा काय? मुळीच नाही. शेतात पेटविलेली पऱ्हाटी कोणाच्याच कामी येत नाही आणि चुलीपुढे बसलेल्या बाईच्या छातीत धूर भरण्यात काही परंपरेचे वैभव नाही. राममनोहर लोहियांनी स्वयंपाकघरातील धूर हा राजकारणाचा विषय केला होता, तेव्हा पुष्कळांनी त्यांना हसून सोडून दिले. त्याच लोहियांनी १९५२ साली पचमढीच्या अधिवेशनात लहान यंत्राचा विचार मांडला: भारतासारख्या देशाला अफाट भांडवल मागणारे यंत्र परवडणार नाही आणि भांडवलशाहीचे यंत्र जसेच्या तसे उचलून समाजवादही उभा राहणार नाही. कांडीचे यंत्र हे या विचाराच्या कसोटीला उतरणारे यंत्र आहे, आणि त्याचे कारण भावनिक नसून वर सांगितलेल्या वजनाच्या हिशेबात आहे. सुटा माल दूर नेणे महाग पडते. म्हणून यंत्र शेताजवळ असणेच फायद्याचे. तासाला तीन-चारशे किलो माल काढणारे यंत्र दिवसाला तीन-चार टन काढते. हजार एकर कपाशीच्या गावाची हजार टन पऱ्हाटी अशा एका यंत्राला जवळजवळ वर्षभर पुरते. गावाचे क्षेत्र आणि लहान यंत्राची भूक यांचा मेळ इतका सहज बसतो की, मोठ्या कारखान्याची गरज नेमकी कोणाला आहे हा प्रश्न पडावा.

हाच हिशेब पुढे नेता येतो. तीनशे उंबऱ्यांच्या गावात प्रत्येक घराने चांगल्या शेगडीत दिवसाला दोन किलो कांड्या जाळल्या तर वर्षाला २२० टनांच्या आत काम भागते. हजार टनांपैकी पाव भागही नाही. म्हणजे गावाच्या चुलीचा पहिला हक्क राखून ठेवला तरी तीन भाग माल वीजकेंद्राला वा बॉयलरवाल्याला विकण्यास मोकळा राहतो. पऱ्हाटी उपटणाऱ्या कुटुंबाला रोख मजुरी आणि वर्षाच्या जळणापुरत्या कांड्या, शेतकऱ्याला टनामागे ठरलेला दर, यंत्रावरील कामगाराला किमान वेतन आणि धुळीपासून संरक्षण, एवढे या व्यवहारात बसू शकते. बसू शकते, बसेलच असे नाही. धुळीची गोष्ट जाताजाता सांगण्यासारखी नाही: हॅमर मिलचा बारीक भुसा फुप्फुसात जातो आणि बंद जागेत ठिणगीने पेटतोही. ठेक्यावरील मजुराच्या नाकावर फडके बांधून हा प्रश्न सुटत नाही.

मातीचाही हिस्सा आहेच. विदर्भाच्या हलक्या जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच कमी. दर वर्षी सगळी काडी उचलली तर जमीन आणखी उघडी पडेल. गावच्या चुलीची राख उकिरड्यावर जाते आणि उकिरड्यातून शेतात परतते; वीजकेंद्रात जळलेल्या पऱ्हाटीची राख कोळशाच्या राखेत मिसळून राखेच्या तळ्यात कायमची पुरली जाते. पालाश त्या तळ्यात आणि शेतकरी पोत्यातल्या पालाशासाठी रांगेत. म्हणून सोयाबीनचे कुटार आणि उसाचे पाचट यांना यंत्राचा हात लागू नये, पऱ्हाटीपुरतेच ते राहावे, असा नियम गावाने करणे इष्ट. पाचट शेतातच कुजविण्याचा प्रचार कृषी खाते करते आणि तो बरोबर आहे. पुण्याच्या ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने पाचटाचा कोळसा करण्याची लहान भट्टी तयार केली होती आणि त्यासाठी तिला २००२ साली ॲश्डेन पारितोषिक मिळाले. तो प्रयत्नही जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटापुरताच होता.

सहकार हा शब्द उच्चारला की महाराष्ट्रातील कार्यकर्त्याच्या चेहऱ्यावर आता कडवट हसू उमटते, आणि त्याला कारण आहे. साखर कारखाने सहकाराच्या नावाने उभे राहिले आणि घराण्यांच्या वतनात गेले. कित्येक बुडवून कवडीमोलाने विकले गेले. कांडीच्या यंत्राची सोसायटी काढली आणि तिच्यात केवळ सातबाराधारक सभासद झाले, तर तोच खेळ लहान पटावर खेळला जाईल. भूमिहीन कुटुंबांना, त्यातही त्या घरांतील स्त्रियांना, सभासदत्व आणि संचालक मंडळावर बरोबरीच्या जागा नसतील तर सोसायटीपेक्षा व्यापारी बरा. त्याच्याशी निदान उघड भांडता येते.

लहान यंत्राच्या मार्गातील खरी अडचण तंत्राची नाही, विक्रीची आहे. वीजकेंद्र माल निविदेने घेते. ओलावा, उष्णता, कांडीची जाडी यांच्या अटी असतात आणि त्या असाव्यातही. परंतु किमान पुरवठ्याची आणि अनामत रकमेची अट अशी असते की दिवसाला तीन टन काढणारे गाव दारातही उभे राहू शकत नाही. मग गावाचा माल दलाल घेतो, दहा गावांचा एकत्र करतो आणि पुरवठादार म्हणून मिरवितो. भाजलेल्या कांड्यांची, म्हणजे अडीचशे-तीनशे अंशांवर तापवून कोळशासारख्या ठिसूळ केलेल्या मालाची मागणी वाढली तर यंत्रसामग्री आणखी महागेल आणि गाव आणखी मागे पडेल. तालुका पातळीवर सोसायट्यांचा संघ, त्या संघाला अनामतीची माफी, एकूण खरेदीचा ठरावीक हिस्सा अशा संघांसाठी राखीव आणि पऱ्हाटीचा किमान दर शासनाने जाहीर करणे, या मागण्या आजच्या चौकटीत बसणाऱ्या आहेत. लहान उद्योगांसाठी सरकारी खरेदीत राखीव हिस्सा ठेवण्याची पद्धत नवी नाही.

शेवटची वेचणी जानेवारीत उरकते आणि उपटणी लगेच सुरू होते. २६ जानेवारीला ग्रामसभा असते. त्यापूर्वी कापूस पिकविणाऱ्या प्रत्येक गावातील शाखेने चार गोष्टींची यादी करावी: गावात कपाशी किती एकर, पऱ्हाटीवर चूल पेटविणारी भूमिहीन घरे किती, गेल्या हंगामात पऱ्हाटी कोणी काय भावाने नेली, आणि गायरानाच्या सातबारावर आज कोणाचे नाव आहे. दहा-पंधरा गावांच्या याद्या हाती आल्या की वीजकेंद्राच्या मुख्य अभियंत्याकडे शिष्टमंडळ नेऊन किमान पुरवठ्याची अट खाली आणण्याची मागणी आकड्यांसह करता येईल.